सीजीएचे न पाहिलेले रंग: डॉसबॉक्स स्टेजिंग कसा आहे?

सीजीए, म्हणजे जुन्या पीसीचं रंगीत ग्राफिक्स कार्ड, म्हटलं की डोळ्यांसमोर काळा, पांढरा, सायन आणि मजेंटा एवढेच रंग येतात. आयबीएमने १९८१ मध्ये पीसीबरोबर आणलेल्या या कार्डाला मात्र दोन पोर्ट होते: एक आरजीबी मॉनिटरसाठी, दुसरा कंपोझिट, टीव्हीच्या वळणाचा. दुसऱ्यातून काही गेम सोळा रंगांत दिसत. आपल्याकडे ते दिसायचा प्रश्नच नव्हता. ही करामत अमेरिकेच्या एनटीएससी टीव्हीची. आपलं दूरदर्शन पाल पद्धतीचं, आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये तर मोनोक्रोम मॉनिटर. डॉसबॉक्स स्टेजिंग हा मोफत एम्युलेटर (जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम) ते रंग विंडोज, मॅक आणि लिनक्सवर दाखवतो, छान दाखवतो. फक्त इन्स्टॉल केल्या केल्या नाही.

मूळ सेटिंगमध्ये तो एस-थ्री कंपनीचं नंतरच्या काळातलं एसव्हीजीए कार्ड धरून चालतो. त्या कार्डाला कंपोझिट सिग्नल नाही, त्यामुळे निळ्या आकाशाच्या जागी उभ्या काळ्या-पांढऱ्या रेघा येतात. डिस्क इमेज (गेमच्या फ्लॉपीची फाइलमधली प्रत) खराब आहे असं वाटतं. ती ठणठणीत असते. गेमच्या फोल्डरमध्ये ‘डॉसबॉक्स डॉट कॉन्फ’ फाइल करा, ‘मशीन’पुढे ‘सीजीए’ लिहा आणि एम्युलेटर त्याच फोल्डरमधून सुरू करा. चालू असताना ‘मशीन’ बदलत नाही, बंद करून पुन्हा उघडावाच लागतो. ‘कंपोझिट’ विभागातलं ‘ऑटो’ बहुतेक वेळा पुरतं; रेघा तशाच राहिल्या तर ‘ऑन’ करा.

रेघांतून रंग निघतो कसा? ६४० x २०० च्या मोडमध्ये कार्ड १४.३१८ मेगाहर्ट्झच्या वेगाने ठिपके पाठवतं. एनटीएससीची रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झची, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. एका लहरीत चार ठिपके बसतात, त्यांचे १६ नमुने होतात आणि टीव्ही त्यांना रंग समजून बसतो. (दोन करड्या छटा हुबेहूब सारख्या, तेव्हा मोजून पंधराच.) त्याची किंमत म्हणजे ६४० ठिपक्यांची आडवी बारकाई १६० वर येते. ८० कॉलमचा मजकूर तर कंपोझिटवर वाचवतच नाही. तिथे एफ-१२ दाबून कंपोझिट बंद करावं.

हे एफ-१२ लोकांना गोंधळात पाडतं. सीजीए मशीनवर नुसतं एफ-१२ कंपोझिटचा मोड बदलतं, पण कंट्रोलसकट तेच बटण प्रोसेसरचा वेग वाढवतं. कंट्रोल निसटला की वेगाऐवजी रंग बदलतात. वेग मूळ पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरइतका हवा असेल तर ‘सायकल्स’ हे वेगाचं सेटिंग ३०० च्या आसपास ठेवा. मूळ ३००० वर ‘डिगर’सारखे जुने गेम हातात राहत नाहीत.

रंगछटा कॉन्फ फाइलमधल्या ‘ह्यू’ने जुळवता येते. नेमका बरोबर आकडा असा नाहीच, कारण अमेरिकन टीव्हीवरही टिंटचं बटण ज्याच्या त्याच्या हातात असे. आकाश निळं आणि गवत हिरवं दिसलं की थांबावं. ‘इरा’ हे सेटिंगही बघा: जुन्या आणि नंतरच्या सीजीए कार्डांचे कंपोझिट रंग वेगळे आहेत.

सुरुवात १९८२ च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने करा. तो सुरू होतानाच मॉनिटर विचारतो, तिथे कलर टीव्ही किंवा कंपोझिट निवडा. डिस्क स्वतःच बूट होणारी असल्यामुळे त्यात चालवण्याजोगी डॉसची फाइल सापडणार नाही. ‘बूट’ कमांडला इमेजचं नाव द्यावं लागतं. ‘किंग्ज क्वेस्ट’साठी मात्र कंपोझिटच्या नादी लागू नका. ‘मशीन’ला ‘टँडी’ (टँडी कंपनीचा पीसी) दिलं की सोळा स्वच्छ रंग आणि तीन सुरांचा आवाज मिळतो. ‘अ‍ॅली कॅट’ चार रंगांसाठीच रंगवलेला आहे, त्याला आरजीबीच शोभतं.

मूळ डॉसबॉक्सपेक्षा स्टेजिंग का? मूळच्यात ४:३ चं प्रमाण आपोआप लागत नाही, त्यामुळे २०० ओळींचं चित्र चपटं दिसतं. स्टेजिंगमध्ये ते सुरुवातीपासून नीट असतं. मर्यादा एकच, पण मोठी: तो प्रोसेसर आणि कार्डाची वेळ सायकलगणिक जुळवत नाही. सीजीएवर १०२४ रंग काढणारा २०१५ चा ‘८०८८ एमपीएच’ डेमो त्याच्यावर नीट चालत नाही. त्यासाठी मार्टीपीसी हा दुसरा एम्युलेटर घ्यावा.