'आर्टकॅम लाइफटाइम'च्या नावाखाली २८,८६० रुपयांची टोपी

आर्टकॅम म्हणजे सीएनसीसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनसाठी, डिझाइन बनवायचं सॉफ्टवेअर. ते घेताना एकूण २८,८६० रुपये गेले. 'आर्टकॅम २०१८, लाइफटाइम लायसन्स' १८,५००. ऑनलाइन ट्रेनिंग ३,५००. 'डोंगल अ‍ॅक्टिव्हेशन' (डोंगल म्हणजे लायसन्सची यूएसबी किल्ली) २,००० आणि वर जीएसटी ३६०. चाळीस हजार डिझाइनची हार्डडिस्क ४,५००. जीएसटी मोजून घेतला, बिल म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. त्यावरचा जीएसटी नंबर १४ अक्षरी! खरा १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. मोजून बघत जा.

जळगाव-धुळ्याकडे ३०१८ सारखं (३० बाय १८ सेंमी कोरणारं) छोटं सीएनसी मशीन घेऊन नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी, कानबाईच्या चौरंगाची नक्षी कोरणारे आता बरेच झालेत. हे विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तेच आहे.

'स्वस्तात पाहिजे होतं ना, भोगा आता' म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो. चोरीचंच हवं असतं तर ते पेनड्राइव्हवर कोणीही चहाच्या पैशात देतं. लायसन्स हवं होतं म्हणून तर एवढे मोजले. शिवाय मशीन विकणाऱ्यापासून फर्निचरच्या कारखान्यापर्यंत जो तो आर्टकॅमच म्हणतो. पण ते नवीन मिळतच नाही, हे यातला एकही जण सांगत नाही. डेलकॅम कंपनीचं हे सॉफ्टवेअर. २०१४ मध्ये ऑटोडेस्कने डेलकॅम घेतली, २०१८ मध्ये आर्टकॅम बंद केलं. तोच कोड घेऊन पुढे कार्व्हेको नावाचं सॉफ्टवेअर आलं. त्यामुळे आज कोणी आर्टकॅमचं 'नवीन लायसन्स' विकत असेल तर माल खोटा, किंमत काहीही असो.

आणि ती इन्स्टॉलेशन. आठवलं की अजून डोकं फिरतं. एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) लावून घेतलं, मग फर्मान सुटलं, 'भाऊ, आधी अँटिव्हायरस बंद करा. आणि हे झालं की कॉम्प्युटरला नेट लावू नका, नाहीतर अपडेट मागेल.' झिप फाइलला पासवर्ड. तो सुरक्षेसाठी नसतो, आतलं अँटिव्हायरसला तपासता येऊ नये म्हणून असतो. मग डोळ्यांदेखत नोटपॅडमध्ये होस्ट्स फाइल उघडली, खाली १२७.०.०.१ ने सुरू होणाऱ्या ओळी चिकटवल्या, म्हणजे प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचूच नये, एक डीएलएल (प्रोग्रॅमचाच एक भाग असलेली) फाइल उचलून प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये टाकली, 'रिप्लेस?' ला यस. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरला कंपनीच्या सर्व्हरपासून तोंड लपवायची गरज काय? लायसन्स की टाकायची जागासुद्धा कुठे आली नाही. 'डोंगल' म्हणून पैसे घेतले, यूएसबीला काहीच लागलं नाही. एवढं समोर होत असताना फोन तिथेच ठेवायला हवा होता. पण समोरचा एकेक बटण इतक्या सराईतपणे दाबतो की हीच पद्धत असेल असं कोणालाही वाटेल.

पुढचं ट्रेनिंग म्हणजे यूट्यूबच्या लिंका. पोस्ट प्रोसेसर (डिझाइनचं मशीनच्या आज्ञांत भाषांतर करणारा) इंचाचा लावून दिलेला, मशीन जीआरबीएलवर (मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) मिलिमीटरमध्ये. ३०० मिमीची पाटी ११.८ मिमीत कोरली गेली, ३ मिमी खोली ०.१२ वर आली. लाकडावर नुसता ओरखडा. मिमीचा पोस्ट लावला तर एम६ च्या ओळीवर एरर २०, कारण साध्या जीआरबीएलला टूल बदलण्याची ती आज्ञा कळत नाही. यावर उत्तर काय, तर 'मशीन बदला.' शेवटी विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसने ती डीएलएल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली आणि आर्टकॅम उघडायचंच बंद झालं. तेव्हा 'रिन्यूअल'चे ६,००० मागितले. लाइफटाइमचं रिन्यूअल! हार्डडिस्कमध्ये बहुतेक आरएलएफ फाइली, म्हणजे आर्टकॅम किंवा कार्व्हेको नसेल तर निकामी. डिझाइन घ्यायचंच तर एसटीएल फाइली मागा, त्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडतात.

तक्रारीचं तर विचारूच नका. ठाण्यात पहिला प्रश्न, 'सीएनजी किटचं प्रकरण का?' सीएनसी समजावून सांगितलं तर, 'सॉफ्टवेअर मिळालं ना? मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब आहे.' चोरीचं निघालं म्हटल्यावर उलट दम, 'म्हणजे चोरीचं तुम्हीच वापरलं.' अरे, तेच तर लेखी देतोय! अर्ज घेतला, पोच दिली नाही. सायबरचं काम जिल्ह्याला, जिल्ह्यात गेलं की 'तुमच्या हद्दीत द्या.' बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकला, मग व्यवहार अनधिकृत कसा? ज्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर, यूपीआय आयडी, फोन, सगळं कागदावर दिलं होतं. ते खातं गोठवा म्हणायला कोणाची परवानगी लागते, हे एकाही टेबलावर कळलं नाही. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकला की कोणी दाद देत नाही. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

नुसत्या पाट्यांसाठी आर्टकॅम लागतच नाही. इंकस्केप हे चित्रं-अक्षरं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात मराठी जोडाक्षरं नीट उमटतात. अक्षरं पाथमध्ये (नुसत्या रेषांत) बदलली की युनियन (सगळ्यांचा मिळून एकच आकार) करायला विसरू नका, नाहीतर शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे टूल आडवा काप घेतो. टूलपाथला (टूलने कुठून कसं फिरायचं तो मार्ग) फ्रीकॅड फुकट. ऑटोडेस्कच्या फ्यूजनचं पर्सनल लायसन्सही फुकट, पण धंद्यासाठी नाही, एका वेळी १० च फाइली चालू ठेवता येतात, आणि रॅपिड (न कापता झटकन सरकणं) काढून टाकल्याने मशीन मोकळ्या जागेतही कापायच्या वेगाने रांगतं. व्ही-बिटची (टोकदार टूलची) कोरीव अक्षरं रोजची असतील तर व्हीकार्व्ह डेस्कटॉप घ्या. कामाच्या आकाराची मर्यादा ६३५ बाय ६३५ मिमी, ३०१८ ला भरपूर. ट्रायलमध्ये सगळं करून बघता येतं, फक्त स्वतःच्या कामाचा टूलपाथ सेव्ह होत नाही. पैसे कंपनीच्या साइटवरच भरा, मधल्या कोणाला नाही.

ज्यांनी हे आधीच बसवून घेतलंय त्यांनी नुसतं अनइन्स्टॉल करून थांबू नका. एनीडेस्कमध्ये समोरच्याने कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला असू शकतो. जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा, मग कॉम्प्युटर फॉरमॅट करा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.