कोशर पाळणारे पाहुणे जेवायला येणार असतील तर: घरचा स्वयंपाक, सीलबंद जेवण की कोशर उपाहारगृह?

धार्मिक पथ्य पाळणाऱ्या पाहुण्यांना जेवायला बोलावताना यजमानाच्या मनात पहिला प्रश्न पदार्थांचा येतो: काय करावे आणि काय टाळावे. पुष्कळ परंपरांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मिळाले की काम बहुतांशी होते. कोशर म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही, कारण पदार्थ कोणता आहे याइतकेच तो कोणत्या भांड्यात शिजला, कोणी शिजवला आणि त्यातला प्रत्येक जिन्नस कुठून आला यालाही तिथे महत्त्व असते. मी पहिल्यांदा अशा एका स्नेह्यांना घरी बोलावले, तेव्हा सगळा स्वयंपाक शाकाहारी केला होता आणि आता अडचण उरली नाही अशी माझी खात्री होती. त्यांनी एक संत्रे सोलून खाल्ले, पाणी प्यायले, मनापासून गप्पा मारल्या, पण शिजवलेल्या एकाही पदार्थाला हात लावला नाही. बोलावण्यापूर्वी मी दोन प्रश्न विचारले असते, तर ते त्या दिवशी उपाशी परतले नसते.

यजमानापुढे साधारणपणे चार मार्ग असतात. आपल्याच स्वयंपाकघरात पथ्याचे जेवण करणे, प्रमाणित कोशर स्वयंपाकघरातून सीलबंद जेवण मागवणे, न शिजवलेल्या आणि बंद पुड्यातल्या पदार्थांवर बेत आखणे, किंवा सगळ्यांनी मिळून कोशर उपाहारगृहात जाणे. यांतला कोणता निवडावा हे ठरवण्यासाठी नियमांचा गाभा आधी समजून घ्यायला हवा.

नियम नेमके काय सांगतात

कश्रुत म्हणजे आहाराच्या ज्यू नियमांचा मूळ आधार तोरा या ज्यू धर्मग्रंथात आहे. त्यातल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 11व्या आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात कोणते प्राणी चालतात हे सांगितले आहे. जमिनीवरच्या प्राण्याचे खूर दुभंगलेले असावे लागतात आणि तो रवंथ करणारा असावा लागतो. डुकराचे खूर दुभंगलेले असतात पण ते रवंथ करत नाही, म्हणून ते वर्ज्य. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, त्यामुळे कोळंबी, खेकडे, शिंपले यांपैकी काहीही चालत नाही. चालणारा प्राणी वा पक्षीसुद्धा प्रशिक्षित व्यक्तीने ठरलेल्या पद्धतीने कापलेला असावा लागतो आणि मांसातले रक्त मीठ लावून किंवा विस्तवावर भाजून काढावे लागते.

‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये’ ही आज्ञा तोरामध्ये तीन वेळा येते, आणि मांस व दूध पूर्णपणे वेगळे ठेवण्याचा सगळा विस्तार तिच्यातूनच झाला आहे. हे दोन्ही एकत्र शिजवायचे नाहीत आणि एका जेवणात खायचे नाहीत. त्यांची भांडीही वेगळी असतात, आणि मांस खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ घेण्यापूर्वी थांबावे लागते. बहुतेक समाजांत हा अवधी सहा तासांचा, जर्मन परंपरेत तीन तासांचा, तर डच परंपरेत एक तासाचा आहे. कोंबडीची गणना मांसातच होते. धान्य, भाज्या, फळे, अंडी आणि मासे यांना ‘पारेव्ह’ म्हणतात. ते दोन्ही बाजूंना चालतात, मात्र मासे आणि मांस एकत्र खाण्याचे टाळले जाते.

घरचा स्वयंपाक: कोणासाठी पुरेसा, कोणासाठी नाही

आपल्या हातचे जेवण वाढावे ही इच्छा मला पूर्ण समजते. शिवाय सगळेच ज्यू पाहुणे नियम एकाच काटेकोरपणे पाळत नाहीत. काही जण केवळ डुक्कर आणि कवचधारी जलचर टाळतात. काही जण बाहेर मांस खात नाहीत, पण शाकाहारी पदार्थ किंवा खवल्यांचा मासा कोणाच्याही घरी आनंदाने खातात. अशा पाहुण्यांसाठी विचारपूर्वक केलेला घरचा शाकाहारी स्वयंपाक हाच सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि त्यांच्यासाठी बाहेरून सीलबंद डबा मागवणे उगाच परकेपणाचे वाटू शकते.

काटेकोर पाळणाऱ्यांच्या बाबतीत घरचा स्वयंपाक चार ठिकाणी अडतो. पहिली अडचण भांड्यांची: उष्णतेमुळे भांडे पदार्थाचा अंश शोषून घेते असे मानले जाते, म्हणून ज्या कढईत कधी कोशर नसलेले मांस शिजले त्या कढईतली भाजीही चालत नाही. कांदा किंवा मुळा यांसारखे तिखट पदार्थ गार असतानाही सुरीकडून तो अंश घेतात असा नियम आहे, हे यजमानाच्या ध्यानात सहसा येत नाही. दुसरी अडचण चीज आणि वाइनची: चीज घट्ट करण्यासाठी लागणारे रेनेट प्राण्याच्या जठरातून आलेले असू शकते, शिवाय ज्यू देखरेखीविना तयार झालेले चीज आणि वाइन काटेकोर पाळणारे घेतच नाहीत, आणि वाइनपासून केलेल्या व्हिनेगरलाही तोच नियम लागतो. तिसरी अडचण पालेभाज्यांची: किडा खाणे निषिद्ध असल्यामुळे प्रत्येक पान तपासून घ्यावे लागते. चौथी अडचण स्वयंपाक कोणी केला याची: काही प्रकारचे शिजवलेले अन्न ज्यू व्यक्तीचा सहभाग असल्याशिवाय चालत नाही. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या परंपरेत ज्यू व्यक्तीने विस्तव पेटवला तरी पुरते. सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेन-पोर्तुगालमधल्या ज्यूंच्या परंपरेत भांडे विस्तवावर ठेवण्याचे कामही तिने करावे लागते.

आपले स्वयंपाकघरच कोशर करून घ्यावे असा विचार काही उत्साही यजमानांच्या मनात येतो. धातूची भांडी उकळत्या पाण्यात बुडवून आणि भट्टी प्रखर तापवून शुद्ध करता येतात हे खरे, पण चिनी मातीची भांडी सामान्यतः शुद्ध करता येत नाहीत, आणि हे काम जाणकाराच्या देखरेखीशिवाय केले तर पाहुण्याला त्यावर विसंबता येत नाही. एका जेवणासाठी हा खटाटोप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाहुणे जवळचे असतील आणि त्यांनी स्वतःच सुचवले, तर नवी भांडी, प्रमाणित जिन्नस आणि स्वयंपाकात त्यांचा प्रत्यक्ष हात अशी सोय करता येते. एरवी ‘सगळे नियम पाळून केले आहे’ या आपल्या शब्दामुळे पाहुण्याची कोंडी होते: नकार द्यावा तर मन दुखावते, होकार द्यावा तर व्रत मोडते.

सीलबंद जेवण, फळे आणि उपाहारगृह

काटेकोर पाळणाऱ्या पाहुण्यासाठी सीलबंद जेवण सर्वांत खात्रीचे आहे. प्रमाणित स्वयंपाकघरातून आलेले आणि दोन आवरणांत बंद केलेले जेवण कोशर नसलेल्या भट्टीतही गरम करता येते, कारण भट्टीतली वाफ आतल्या अन्नापर्यंत पोहोचत नाही. यजमानाने सांभाळायचे ते एवढेच की आवरण उघडायचे नाही. ताटात सुंदर वाढून आणावे या सद्‌भावनेने सील आधीच फोडले, तर त्या जेवणाचा सगळा उपयोग संपतो. डबा बंद असतानाच पाहुण्याच्या हाती द्यावा आणि सोबत न वापरलेली कागदी ताटली आणि चमचे ठेवावेत.

या मार्गातली उणीव खाण्याची नसून सोबतीची आहे. सगळ्यांच्या पानात गरम पदार्थ आणि एकाच्या पुढे चंदेरी आवरणाचा डबा हे चित्र मला कधीच बरे वाटले नाही. पाहुणे चार-पाचच असतील, तर सर्वांचेच जेवण त्याच प्रमाणित स्वयंपाकघरातून मागवावे. खर्च वाढतो, पण पंगत एक राहते. हे परवडणारे नसेल, तर निदान एक-दोन पदार्थ सर्वांत सारखे असावेत: न कापलेली फळे, किंवा प्रमाणचिन्ह असलेली बंद पुड्यातली बिस्किटे आणि सुका मेवा.

प्रमाणचिन्हे वाचताना एक चूक वारंवार होते. वर्तुळातला इंग्रजी ‘यू’ हे 1898 मध्ये स्थापन झालेल्या ऑर्थोडॉक्स युनियन या अमेरिकी ज्यू संस्थेचे चिन्ह आहे. त्यापुढे ‘डी’ असेल तर पदार्थ दुधाचा समजावा आणि मांसाच्या जेवणानंतर तो देऊ नये. त्यापुढचा ‘पी’ मात्र ‘पारेव्ह’चा नसून पासओव्हर म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाचा आहे.

भेट छोटी असेल, तर शिजवलेल्या जेवणाचा आग्रहच सोडून सायंकाळचे चहापान ठेवणे मला अधिक सुज्ञपणाचे वाटते. अख्खी फळे, प्रमाणित बंद पदार्थ आणि कागदी पेल्यातला साधा चहा यावर बहुतेक काटेकोर पाहुणेही निःशंक बसतात. उपाहारगृहाचा मार्ग सोपा आहे, पण घरचा जिव्हाळा त्यात येत नाही, आणि उपाहारगृहाचे प्रमाणपत्र पाहुण्याला मान्य आहे का हे आधी विचारावेच लागते.

पंगतीत इतर पथ्येही असतील तेव्हा

कोशर आणि हलाल एकच, हा समज मोडायला हवा. कुराणाच्या 5व्या सुरेतील 5व्या आयतीत ग्रंथधारकांचे, म्हणजे ज्यू व ख्रिस्ती यांचे, अन्न वैध म्हटले आहे. त्या आधारावर काही मुस्लिम कोशर मांस स्वीकारतात, तर काही हलालचाच आग्रह धरतात. उलट दिशेने मात्र दार बंद आहे: हलाल मांस कोशर ठरत नाही. कोशर पदार्थात मद्य असू शकते, जे मुस्लिम पाहुण्याला वर्ज्य आहे. आणि मांसासोबत दूध, जे मुस्लिम पाहुण्याला चालते, ते कोशरमध्ये चालत नाही. दोघे एकत्र येणार असतील तर मांस आणि मद्य दोन्ही वगळावेत. वाइन काढून टाकली की दोन्ही बाजूंच्या शंका एकदमच मिटतात.

जैन पाहुण्यांचा विचार आणखी वेगळा आहे. कंदमुळे, कांदा, लसूण, मध आणि अंडी टाळली जातात, आणि अनेक जण सूर्यास्तापूर्वीच जेवतात. पालेभाजीतल्या किड्याची काळजी जैन आणि ज्यू दोघांनाही असते, पण जैनांना तो जीव मारला जाऊ नये याची चिंता, तर ज्यूंना तो खाल्ला जाऊ नये याची. मिश्र पंगतीला पालेभाजीऐवजी भोपळा, काकडी यांसारख्या फळभाज्या घ्याव्यात हे यावरून आपोआप ठरते. दूध आणि अंडी नसलेला, कंदमुळांशिवाय केलेला बेत जिनसांपुरता जवळजवळ सर्वांना चालतो. काटेकोर कोशर पाहुण्याच्या भांड्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही, म्हणून त्याच्यासाठी सीलबंद डबा तरीही लागतोच.

दिवस निवडताना

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस असतो. त्या काळात काटेकोर पाहुणे वाहनाने प्रवास करत नाहीत आणि त्यांच्यासाठी अन्न शिजवणेही वर्ज्य असते, म्हणून शुक्रवारी रात्रीचे आमंत्रण देऊ नये. वल्हांडण इस्राएलमध्ये सात आणि बाहेर आठ दिवसांचा असतो. त्या दिवसांत गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट यांचे आंबवलेले पदार्थ वर्ज्य असतात, आणि अश्केनाझी परंपरेत तांदूळ व कडधान्येही टाळली जातात. एरवी बाहेर खाणारे अनेक जणही या दिवसांत दुसऱ्याच्या घरी जेवत नाहीत. आमंत्रण आठवडाभर पुढे ढकललेले बरे.

आमंत्रण देताना ‘तुम्ही काय खात नाही?’ एवढेच विचारू नये. ‘आमच्या घरी शिजवलेले तुम्हाला चालते का, की बंद डब्यातले मागवू? कोणाचे प्रमाणपत्र तुम्ही मानता?’ असे विचारावे. या प्रश्नांनी पाहुण्याला संकोच वाटत नाही. उलट नकार देण्याचे ओझे उतरते. ‘माझे जेवण मी घेऊन येतो’ असे उत्तर आले, तर ते आनंदाने मान्य करावे, भट्टीत जागा ठेवावी आणि त्यांना पंगतीत सर्वांच्या मध्ये बसवावे. पाव खाण्यापूर्वी ते पेल्याने हातांवर पाणी घेऊन आशीर्वाद म्हणतील आणि पावाचा पहिला घास घेईपर्यंत बोलणार नाहीत. तेवढा वेळ त्यांना काही विचारू नये.