सांगलीत 22 हजारांचं 'सिरॅमिक कोटिंग' घेतलं, त्याची हकीकत

तुमची गाडी काळी, गडद निळी किंवा मरून असेल आणि कुणी 'थ्री स्टेज पॉलिश आणि वर सिरॅमिक कोटिंग' असं पॅकेज (आधी तीन टप्प्यांत घासून ओरखडे काढायचे, मग वर टिकाऊ संरक्षक लेप द्यायचा) सांगितलं असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे 22 हजार गेले ते गेलेच, पण बॉनेटच्या कडांवरचा क्लिअर कोटही, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून गेला. पैसे भांडून परत मिळू शकतात. क्लिअर कोट परत येत नाही, पुन्हा रंगच मारावा लागतो.

आमच्याकडे गाडीच्या रंगाचे तसेही हालच. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याची काजळी रात्रभर गाडीवर बसते, सकाळी कुणीतरी ती कोरड्या फडक्यानं पुसतो, आणि बोअरच्या पाण्याचे क्षार वर पांढरे डाग सोडतात. उन्हात उभी केली की माझ्या गाडीच्या बॉनेटभर कोळिष्टकासारखे बारीक गोल ओरखडे दिसायचे. ते काढायला गाडी सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका डिटेलिंगच्या, म्हणजे गाड्या घासूनपुसून चमकवणाऱ्या, दुकानात दिली. तक्रार चालू असल्यानं दुकानाचं नाव लिहीत नाही.

मालकानं सांगितलेली पद्धत अगदी बरोबर होती. आधी कटिंग कंपाऊंड (ओरखडे घासून काढणारी जाडसर पेस्ट), मग मधलं पॉलिश, मग फिनिशिंग, प्रत्येकाला वेगळा पॅड, शेवटी 9एच कोटिंग आणि तीन वर्षांची वॉरंटी. कपाटात परदेशी कंपन्यांच्या बाटल्या रांगेनं लावलेल्या. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर ट्यूबलाइटखाली एक ओरखडा दिसेना. त्यानं बॉनेटवर पाणी मारून दाखवलं, थेंब टपोरे होऊन घरंगळले. "दादा, एकदम शोरूम कंडिशन. आता तीन वर्षं बघायलाच नको."

थोड्याच धुण्यांत ओरखडे परत आले. नवीन पडलेले नव्हेत, तेच जुने, जागच्या जागी. शिवाय उन्हात गाडी तिरकी पाहिली की मशीन फिरल्याच्या लाटा दिसायला लागल्या. या धंद्यात त्यांना होलोग्राम म्हणतात. दारांच्या रबरात कंपाऊंडची पांढरी पूड अडकून बसली होती, म्हणजे टेप लावण्याचेही कष्ट घेतलेले नव्हते.

मिरजेत गाड्यांचं पेंटिंग करण्यात आयुष्य घालवलेले एक काका आहेत. त्यांनी काही न बोलता आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळलं आणि छतावर, जिथं चकाकी अजून टिकून होती तिथं, हातभर पट्टा पुसला. तेवढ्या पट्ट्यात सगळे ओरखडे उघडे पडले. "हे कोटिंग न्हाई. ग्लेझ हाय. ओरखड्यात तेल भरलंय नुसतं." मग त्यांनी रंगाची जाडी मोजणारं गेज लावलं. छतावर 118 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बॉनेटच्या मध्यावर 96, पुढच्या कडेला 71.

हे आकडे समजून घ्या, कारण खरं नुकसान इथंच आहे. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा थर असतो. त्यात क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याचीच, आणि ऊन अडवणारे घटकही त्यातच. ओरखडा काढणं म्हणजे त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणणं. नीट केलं तर त्यात थोडेच मायक्रॉन जातात. पण रोटरी मशीन, लोकरीचा पॅड आणि जाड कंपाऊंड घेऊन कडेवर दाब दिला की तिथं सगळा जोर अरुंद जागेवर येतो आणि बघता बघता थर उतरतो. लोकरीचा पॅड वाईट नाही, तो झपाट्यानं कापतो म्हणूनच वापरतात. त्याच्यानंतर फोमच्या मऊ पॅडनं बारीक पॉलिश करायचं असतं, नाहीतर लाटा राहतात. माझ्या गाडीवर पहिली पायरी कशीबशी झाली, पुढच्या दोन गाळल्या आणि लाटा ग्लेझखाली दडवल्या.

ग्लेझ ही काही लबाडीची वस्तू नाही. 'ओरखडे तात्पुरते झाकून देतो' असं सांगून कमी पैशांत लावलं तर तो सरळ व्यवहार आहे. ओरखडे काढले म्हणून सांगणं आणि कोटिंगचे पैसे घेणं ही फसवणूक आहे. जाब विचारला तर म्हणे, "तुम्ही शाम्पूनं धुतली, म्हणून गेलं." शाम्पूनं जाणारं कोटिंग तीन वर्षांच्या वॉरंटीनं विकलं कसं, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

पाण्याच्या थेंबांवर विश्वास ठेवू नका. साध्या वॅक्सवरही थेंब तसेच उभे राहतात. उलट, कोटिंग लावल्यावर निदान पहिला दिवस तरी पाणी लागू देऊ नका असं बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात. त्याच संध्याकाळी कुणी पाणी मारून दाखवलं तर कोटिंग खरंच लावलंय का, अशी शंका घ्या. '9एच'नंही भारावून जाऊ नका. ते पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीतलं माप आहे, त्यानं दगडाची टिचकी अडत नाही.

दुकान निवडताना पॅड बघायला मागा. अख्ख्या गाडीला एकच पॅड वापरणारा, किंवा एकाच पॅडवर दोन कंपाऊंड मिसळणारा, काम बिघडवणारच. पॅडच्या रंगावरून मऊ की कडक ठरवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. आधी दाराच्या एका छोट्या चौकोनावर काम करून दाखवायला सांगा, तो चौकोन अल्कोहोलनं पुसायला लावा आणि उन्हात किंवा टॉर्चखाली बघा. कोटिंगची बाटली तुमच्यासमोर उघडली पाहिजे. गेजची मापं कामाआधी आणि नंतर, त्याच जागांवर घ्या. साधं गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, आणि ते एकूण थर मोजतं, नुसता क्लिअर कोट नाही. म्हणून एका आकड्यापेक्षा आधीच्या-नंतरच्या मापांतला फरक महत्त्वाचा. नंतर पैसे देण्याआधी बोटभर जागा पुन्हा अल्कोहोलनं पुसून घ्यावी असं वाटेल, पण खरं कोटिंग लावलेलं असेल तर ते वाळेपर्यंत पुसू नका. ही तपासणी पॉलिश संपल्यावर, कोटिंगच्या आधी स्वतः हजर राहून करा.

फसले असाल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मी सुरुवात तिथूनच केली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिलावर नुसतं 'कोटिंग' न लिहिता कंपाऊंड, कोटिंगचं नाव आणि किती पायऱ्या ते लिहून घ्या. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवर त्यानं पाठवलेलं पॅकेज होतं, त्यावर तक्रार उभी राहिली. आणि दुसऱ्या दुकानात दुरुस्तीला गाडी देण्याची घाई करू नका. आधी उन्हातले फोटो, पुसलेल्या पट्ट्याचा व्हिडिओ आणि गेजची मापं तारखेसह घेऊन ठेवा, कारण पुन्हा एकदा पॉलिश झालं की पहिल्यानं काय केलं होतं ते दाखवता येत नाही.