गेमवरचा वयाचा शिक्का: ब्रिटनसारखा कायदा बरा की अमेरिकेसारखा सल्ला?

गेमच्या वयाच्या रेटिंगची कायद्याने सक्ती करावी का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून निघतोच. पोराला घेऊन मी आधी ब्रिटनमध्ये आणि मग न्यू जर्सीत राहिलोय, त्यामुळे दोन्ही पद्धती जवळून बघितल्यात. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

ब्रिटनमध्ये 2012 च्या जुलैपासून पेगीच्या (युरोपातली गेमच्या वयाची रेटिंग पद्धत) 12, 16, 18 या शिक्क्यांना कायद्याचा आधार आहे. त्याहून लहान पोराला गेम विकला तर दुकानदाराला दंड, अगदी जेलसुद्धा होऊ शकते. अमेरिकेत ईएसआरबी ही रेटिंग देणारी संस्था 1994 पासून आहे पण ती इंडस्ट्रीचीच, सरकारचा त्यात हात नाही. कॅलिफोर्नियाने 2005 मध्ये हिंसक गेम 18 खालच्यांना विकण्यावर 1,000 डॉलरपर्यंत दंडाचा कायदा केला होता, तो सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये 7-2 ने उडवला, कारण गेमलाही पुस्तकासारखंच अभिव्यक्तीचं संरक्षण आहे.

आता काउंटरवर फरक किती? खरं सांगायचं तर मला फारसा दिसला नाही. ब्रिटनमध्ये रेडिंगला पोराच्या हातात 18 चा गेम बघून दुकानातल्या पोऱ्याने विचारलं कोणासाठी घेताय, मी पैसे दिले, विषय संपला. न्यू जर्सीतही हेच, "हा एम आहे, चालेल ना?" (एम म्हणजे ईएसआरबीचा 17 वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का.) तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, मुलांनाच गुपचूप गिऱ्हाईक म्हणून दुकानांत पाठवून तपासलं होतं, 2011 च्या त्या अहवालात एम गेम जेमतेम 13 टक्के मुलांना मिळाला होता. तेही कायदा नसताना!

माझं डोकं फिरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. घरात भांडणं 18 वाल्या गेमवरून झालीच नाहीत, झाली ती फुटबॉलच्या एका गेमवरून, ज्यावर 3 चा हिरवा शिक्का होता. म्हणजे बालवाडीतल्या पोराला दिला तरी कायद्याला हरकत नाही. आणि गेममध्ये विकायला काय, तर खेळाडूंची बंद पाकिटं. आत कोण आहे ते पैसे भरल्यावरच कळणार, मग स्क्रीनवर बोगद्यातून लाइट, धूर, फटाके, पोरगा श्वास रोखून बसलेला, आणि बाहेर येतो कुठल्यातरी खालच्या डिव्हिजनचा बॅक. की लगेच "पप्पा, एकच अजून, प्लीज". आजीने वाढदिवसाला दिलेलं गिफ्ट कार्ड एका संध्याकाळी साफ. यावर तिथला कायदा गप्प, उलट 2022 मध्ये ब्रिटिश सरकारने लूट बॉक्ससाठी (अशा नशिबाच्या पाकिटांना म्हणतात) जुगाराचा कायदा बदलायचं नाकारलं आणि इंडस्ट्रीलाच काय ते बघा म्हणून सांगितलं. मग कायदा असून मला मिळालं काय, तर परत सल्लाच ना! जर्मनीत 2023 पासून रेटिंग देताना अशी खरेदी, चॅट वगैरेही धरतात, ते मला पटतं. पण ती सुधारणा रेटिंगमधली आहे, सक्तीमुळे ती आली असं काही मला वाटत नाही.

आपल्याकडचं तर अजून अवघड. बहुतेक पोरं मोबाईलवर खेळतात, दुकान आणि काउंटर आहेच कुठे, प्ले स्टोअरवरचं 12+ वगैरे रेटिंग डेव्हलपरने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतं. आणि सक्ती केली की ती कोणावर पडते तेही बघितलंय, 2019 च्या मार्चमध्ये राजकोटला पबजीवर बंदीचा आदेश निघाला आणि पोलिसांनी पकडलं ते खेळणाऱ्या पोरांना, त्यात कॉलेजची मुलं होती. कंपनीला काय फरक पडला?

हां, कायद्याचा एक फायदा नाकारत नाही, "मी नाही, सरकार नाही म्हणतंय" असं पोराला सांगता येतं, आणि ज्या आईबापांना त्यातलं काहीच कळत नाही त्यांना तो आधार मोठा आहे. तरी मला विचाराल तर अमेरिकेसारखंच बरं, फक्त शिक्क्यावर पैशाच्या भानगडी ठळक लिहा. आमच्याकडे सध्या कन्सोलवर खर्चाची मर्यादा शून्य आहे आणि पिन बायकोकडे, माझा पोराने कधीच ओळखलाय.