रिपग्रेप, एफझेडएफ, जेक्यू आणि मराठी नावांवर चालवलेल्या छोट्या स्क्रिप्ट्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सातपूरमधील आमच्या छोट्या कार्यालयात द्राक्ष आणि कांदा उत्पादकांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार होते. निफाड, दिंडोरी, चांदवड अशा तालुक्यांतून येणाऱ्या याद्या तपासणे, त्यांतील चुका शोधणे आणि त्या पुढच्या प्रणालीत भरणे यांत माझा दिवसाचा बराच वेळ जातो. या कामासाठी मी गेले आठ महिने कमांड लाइनवरील (आज्ञा टंकून चालवायची) काही साधने आणि स्वतः लिहिलेल्या किंवा सहकाऱ्यांकडून घेतलेल्या छोट्या स्क्रिप्ट्स (आज्ञांच्या फाइली) रोज वापरत आहे. संगणकावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आणि आज्ञा घेणारे शेल म्हणून बॅश आहे. पुढील मते याच मांडणीतील आहेत.

फाइलींतील मजकूर शोधणाऱ्या रिपग्रेपविषयी माझे मत पहिल्या आठवड्यात बनले आणि ते आजही तसेच आहे. केन थॉम्प्सन यांच्या १९७३ सालच्या ग्रेपने घालून दिलेली शोधाची पद्धत पुढे नेत अँड्र्यू गॅलंट यांनी २०१६ मध्ये हे साधन रस्ट भाषेत आणले. गिटइग्नोरमध्ये, म्हणजे आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, नोंदवलेल्या फाइली ते आपणहून वगळते, त्यामुळे मोठ्या प्रकल्पात नेमके हवे तेच समोर येते. देवनागरी मजकुरातील शोधही ते न अडखळता करते. मात्र ते लपवलेल्या (नाव टिंबाने सुरू होणाऱ्या) फाइलीही वगळते, हे ठाऊक नसल्यामुळे एन्व्ह या अशाच लपवलेल्या फाइलमधील एक सेटिंग शोधण्यात माझी एक दुपार गेली. यू हा पर्याय एकदा दिल्यास गिटइग्नोरचे बंधन सुटते, दोनदा दिल्यास लपवलेल्या फाइलीही धरल्या जातात आणि तीनदा दिल्यास बायनरी (साधा मजकूर नसलेल्या) फाइलीसुद्धा.

यादीतून हवी ती ओळ शोधून देणाऱ्या एफझेडएफचा उपयोग मी मुख्यतः कंट्रोल आणि आर या कळांसाठी करतो, कारण आधी दिलेली लांबलचक आज्ञा दोन-तीन अक्षरांवरून सापडते. उबुंटूच्या भांडारातून घेतल्यास या कळांची जोडणी आपोआप होत नाही. त्यासाठीची ओळ बॅशआरसी या बॅशच्या सेटिंग फाइलीत स्वतः घालावी लागते. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत आधी दिलेल्या आज्ञांच्या इतिहासाची मर्यादा स्मृतीत १००० आणि फाइलीत २००० ओळींची असते, तीही त्याच वेळी वाढवून घ्यावी, अन्यथा तीन महिन्यांपूर्वीची आज्ञा शोधायला गेल्यावर ती पुसली गेलेली असते.

जेसन स्वरूपातील माहिती हाताळणाऱ्या जेक्यूबाबत एक गोष्ट ठामपणे सांगतो. उबुंटू २२.०४ मध्ये मिळणारी १.६ ही आवृत्ती फार मोठे पूर्णांक दशांश संख्येसारखे हाताळते, त्यामुळे १८ अंकी नोंदणी क्रमांकाचे शेवटचे अंक बदलून बाहेर पडतात आणि त्याबद्दल कोणतीही सूचना मिळत नाही. २०२३ मध्ये आलेल्या १.७ आवृत्तीत न बदललेला आकडा जसाच्या तसा राहतो. आम्ही आवृत्ती बदललीच, शिवाय क्रमांक अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून पाठवण्याचा नियमही केला.

परंतु या आठ महिन्यांत सर्वाधिक शिकवले ते एका ओळीच्या स्क्रिप्टने. पावतीवरील गावाच्या नावाची जागा २० अक्षरांची होती, म्हणून मी कट या आज्ञेला पहिली २० अक्षरे घ्यायला सांगितले. इंग्रजी नमुन्यावर सर्व ठीक दिसले. प्रत्यक्ष पावत्यांवर मात्र ‘पिंपळगाव बसवंत’ऐवजी ‘पिंपळग’ आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाची काळी खूण छापली गेली. कारण असे की आमच्या उबुंटूवरील कट अक्षरांच्या पर्यायातही बाइटच (साठवणीची एककेच) मोजते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. २० बाइटांत सहा चिन्हे पूर्ण बसली आणि सातव्याचे, म्हणजे ‘गा’मधील कान्याचे, दोनच बाइट उरले. ज्या शेतकऱ्याने वर्षभर कष्ट केले, त्याच्या हातात त्याच्या गावाचे नाव मोडलेली पावती गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी सर्व स्क्रिप्ट्स ‘नाशिक’ या शब्दावर तपासल्या. वर्डकाउंट आज्ञेने चिन्हे मोजली तर ५ आणि बाइट मोजले तर १५ असे उत्तर येते. मजकूर हाताळणाऱ्या ऑक या साधनाच्या, उबुंटूत मुळात असलेल्या मॉक या रूपाने लांबीही १५ सांगितली, म्हणून आम्ही सर्वत्र गॉक हे त्याचे दुसरे रूप बसवले. बॅशमधील तुकडा काढण्याची सोय माझ्या संगणकावर बरोबर चालली, पण तीच स्क्रिप्ट डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वातावरणात, बिघडली, कारण उबुंटूच्या मूळ डॉकर प्रतिमेत लोकेल (भाषा व अक्षरपद्धतीची सेटिंग) ठरवलेले नसते. आता प्रत्येक स्क्रिप्टच्या आरंभी यूटीएफ-८ लोकेल स्पष्ट लिहिलेले असते.

एवढे करूनही चिन्हांवर कापल्यास काना किंवा मात्रा अक्षरापासून सुटते. पर्ल या भाषेतील बॅकस्लॅश आणि मोठा एक्स ही खूण अक्षर व त्याची मात्रा एकत्र धरते, तरी आमच्या आवृत्तीत जोडाक्षर तुटते आणि ‘लक्ष्मण’चे ‘लक्’ उरू शकते. शेवटी मी निर्णय घेतला की माणसाचे आणि गावाचे नाव कापायचेच नाही. पावतीचा रकाना रुंद केला आणि न मावणारे नाव दुसऱ्या ओळीवर जाते.

एक्सेलसाठीच्या दोन छोट्या स्क्रिप्ट्स मात्र मी कोणालाही निःसंकोच देतो. पहिली बाहेर जाणाऱ्या सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलीच्या) आरंभी यूटीएफ-८ ओळखता यावे म्हणून तीन बाइटांची, न दिसणारी बीओएम खूण घालते, कारण तिच्याशिवाय विंडोजवरील एक्सेलमध्ये फाइल थेट उघडल्यास मराठी अक्षरे वाचता येत नाहीत. दुसरी आत येणाऱ्या फाइलीतील तीच खूण आणि प्रत्येक ओळीच्या टोकाचे कॅरेज रिटर्न हे न दिसणारे चिन्ह काढते. बीओएम राहिल्यास पहिल्या रकान्याचे ‘गाव’ हे शीर्षक डोळ्यांना सारखेच दिसते, पण जुळत नाही. कॅरेज रिटर्न राहिल्यास हाच घोटाळा शेवटच्या रकान्यात होतो.

स्क्रिप्टमधील चुका दाखवणारे शेलचेक हे साधन मी प्रत्येक बदलानंतर चालवतो. चलाभोवती (व्हेरिएबलभोवती) अवतरणचिन्हे नसल्याची सूचना ते देते आणि आमच्याकडे गावांच्या नावांत मोकळी जागा असतेच, त्यामुळे त्या सूचनेकडे दुर्लक्ष करता येत नाही. नाव कापले जात असल्याचे मात्र ते सांगू शकत नाही.

माझ्या फोल्डरमध्ये एके काळी ४१ स्क्रिप्ट्स होत्या, आता १४ आहेत. त्यांच्याशेजारी एक छोटी मजकूर फाइल ठेवली आहे. तिच्यात पिंपळगाव बसवंत, लक्ष्मण, त्र्यंबकेश्वर, एक रिकामी ओळ आणि १८ अंकी क्रमांक आहे. नवी स्क्रिप्ट, मग ती कोणाचीही असो, आधी या फाइलीवर चालते आणि त्यानंतरच फोल्डरमध्ये येते.