नऊ महिने, २७ रात्री: एकट्यापुरत्या हलक्या तंबूचा सह्याद्रीतला अनुभव

गेल्या ऑक्टोबरात एकट्यापुरता तंबू घेतला. जुलैअखेरपर्यंत त्यात २७ रात्री काढल्या. तोरणा ते रायगड, रतनवाडी ते हरिश्चंद्रगड, पन्हाळा ते पावनखिंड, आणि अधल्यामधल्या शनिवार-रविवारच्या. घेतल्या घेतल्या लिहायला बसलो असतो तर वजनाचं कौतुक करून मोकळा झालो असतो. आता सांगायचं आहे ते वेगळंच, कारण या तंबूची खरी परीक्षा घेतली ती आपल्याकडच्या कातळाने आणि दवाने.

तंबू दोन थरांचा आहे. आत बारीक जाळीची खोली, तिचा तळ चारी बाजूंनी वीतभर वर उचललेला, आणि वरून सिलिकॉनचा लेप असलेलं २० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन. स्वतःचा खांब नाही. चालायची काठी १२५ सेंटिमीटरला लांब करून लावायची आणि पेग, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या खुंट्या, ठोकून ताण द्यायचा. वेष्टनावर वजन ९१५ ग्रॅम लिहिलं होतं. घरच्या काट्यावर पेग, दोऱ्या, पिशवी सगळं धरून १,०८० भरलं, आणि खाली अंथरायचं प्लास्टिक १४०. म्हणजे सव्वा किलो धरून चाला. माझा आधीचा घुमटाचा तंबू २ किलो ६०० ग्रॅमचा होता. सिंगापूर नाळ या घाटवाटेने कोकणात उतरताना गुडघ्यांना हा फरक पहिल्या तासातच कळला.

याहून हलके तंबू आहेत. डायनीमा या हलक्या, मजबूत धाग्याच्या कापडाचे पाचशे-सहाशे ग्रॅममध्ये मिळतात आणि ते कापड ओलं झालं तरी सैल पडत नाही. पण किंमत कित्येक पट, आणि त्यातले बरेचसे एकाच थराचे. नुसती ताडपत्री बांधून खाली उघड्यावर झोपणारे मित्रही आहेत. मला ते जमणार नाही. फुरसं, विंचू, गोम असलेल्या मुलखात चारी बाजूंनी चेन लागणारी जाळी हवीच. तिथे ग्रॅम वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

आता कातळाचं. अशा तंबूंची परदेशी वर्णनं मऊ माती गृहीत धरून लिहिलेली असतात. मोहरी गावाच्या पुढे रायलिंग पठारावर, समोर लिंगाण्याचा सुळका, आणि पायाखाली गवत बघून मी खूश झालो. पहिला पेग चार बोटं आत गेला आणि खणकन थांबला. खाली सलग कातळ. दुसरी जागा, तिसरी जागा, तेच. घुमटाचा तंबू अशा जागी निदान उभा तरी राहतो, आत सॅक टाकली की भागतं. काठीवरचा तंबू पेगांशिवाय म्हणजे नुसतं कापड. तासभर झटून दगडांवर उभा केला आणि रात्री कोकणातून वर चढणाऱ्या वाऱ्याने दीडच्या सुमारास एक कोपरा सोडवलाच. दोरी दगडाच्या धारेवर घासून तुटली होती. बेसॉल्टच्या ताज्या फुटलेल्या कडा सुरीसारख्या असतात आणि ही दोरी जेमतेम दोन मिलिमीटरची.

तेव्हापासून पद्धत बदलली. चारही कोपऱ्यांना आणि मुख्य ताणांना दीड-दीड मीटरच्या जादा दोऱ्या कायमच्या बांधून टाकल्या. दोरीच्या टोकाच्या फासात पेग आडवा घालायचा, पेगच्या पुढ्यात, म्हणजे तंबूच्या बाजूला, एक मोठा धोंडा दोरीवर ठेवायचा. ताण आला की पेग धोंड्याला अडतो आणि दोरी दगडाला गुंडाळावी लागत नाही. धोंड्याखाली जिथे दोरी जाते तिथे मूठभर गवत किंवा जुन्या मोज्याचा तुकडा. एवढं केल्यावर पुन्हा एकदाही दोरी तुटलेली नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका. दगड हाताने उचलण्याआधी बुटाने उलटून बघा. कुमशेतला मी उलटलेल्या तिसऱ्याच दगडाखाली विंचू होता.

आणखी एक अडचण विकत घेताना लक्षात येत नाही. तळ ठोकून गडावर जाऊन यायचं म्हटलं की काठी तंबूत अडकलेली असते. मी आता दोन काठ्या नेतो. गुहेत नुसती जाळी लावून झोपता येईल असंही मनात होतं. रतनगडाच्या गुहेत करून पाहिलं. जमिनीत पेग जाणार कुठून? जाळी अंगावर पांघरून झोपलो.

दवाचा अनुभव डिसेंबरातला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रतनवाडीला, भंडारदऱ्याच्या फुगवट्याच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, उघड्या शेतात तंबू लावला. जागा देखणी, आभाळ निरभ्र, वाऱ्याची झुळूकही नाही. पहाटे चारला जाग आली ती कपाळावर थेंब पडून. बॅटरी लावली तर वरच्या कापडाच्या आतल्या बाजूला दहिवर दाटलेलं, थेंब शिवणीवरून ओघळून खाली येत होते आणि जाळीतून गाळून बारीक तुषार पडत होते. स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलंचिंब. माझी उंची पाच फूट दहा इंच. तळ पुरेसा लांब आहे, पण छत पायांकडे उतरतं येतं आणि फुगवायची गादी आपल्याला सात-आठ सेंटिमीटर वर उचलते. पाय जाळीला लागतात, जाळी कापडाला लागते. लांबी बघताना गादीवर झोपून बघा, नुसत्या जमिनीवर नको.

तंबू गळत होता असं नाही. उघड्या आभाळाखाली कापड रात्रभर उष्णता सोडत थंड होतं, पाण्याकाठची हवा आधीच दमट, त्यात आपला श्वास. दुसऱ्या रात्री कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला गेलो. तिथे मुद्दाम जरा उंचावर, झाडांखाली जागा धरली, तंबूचं दार वाऱ्याकडे केलं आणि दाराचा एक पल्ला गुंडाळून ठेवला. सकाळी कापड बाहेरून किंचित ओलसर, आत कोरडं. तोच तंबू, तोच महिना. पाण्याकाठचा मोह सोडला तर निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी एक सुती पंचा जवळ ठेवतो आणि पहाटे कापड आतून पुसून घेतो.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड गेलो तेव्हा मात्र तंबू खरंच गळला. करपेवाडीत एका घरी विचारून अंगणाच्या कडेला लावला होता. मसाई पठारापासून पाऊस थांबला नव्हता. रात्री अकराच्या आत काठीच्या टोकाजवळच्या शिवणीतून थेंब सुरू झाले. विकणाऱ्याने ‘शिवणी बंद केलेल्या आहेत’ असं स्पष्ट सांगितलं होतं. त्या केलेल्या नव्हत्या, आणि याचा मला आजही राग आहे. सिलिकॉनच्या लेपावर कारखान्यातली पट्टी चिकटत नाही, त्यामुळे अशा कापडाच्या शिवणी आपल्यालाच भराव्या लागतात. हे मला माहीत नव्हतं, पण विकणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. सकाळी घरातल्या आजींनी चुलीपाशी बॅग वाळत घातली, म्हणून पुढची रात्र निभावली.

घरी आल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक सिलिकॉनची नळी आणली, मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ केली आणि जुन्या रंगाच्या ब्रशने प्रत्येक शिवणीवर बाहेरून हात फिरवला. दिवसभर वाळवून वर टाल्कम पावडर चोळली, नाहीतर घडी चिकटते. खर्च अडीचशेच्या आत. त्यानंतर गच्चीवर दोन रात्री मुसळधार पावसात ठेवला, आत थेंब नाही. पावसात नायलॉन पाणी पिऊन सैल पडतं, ते मात्र पडणारच. झोपण्याआधी एकदा दोऱ्या ताणायच्या, रात्री जाग आली की पुन्हा.

आतल्या जाळीची चेन सहाव्या महिन्यात अडकायला लागली. धुळीने. ओल्या ब्रशने साफ केली, आता चालते.

ठेवण्याबद्दल एवढंच सांगतो, कारण माझा जुना तंबू मी यातच घालवला. त्याच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप मुंबईच्या दमट कपाटात दोन पावसाळ्यांत चिकट झाला, वास मारायला लागला आणि पापुद्रे सुटले. नव्या तंबूच्या कापडावर सिलिकॉन आहे, पण तळाला तोच लेप आहे. म्हणून ट्रेकहून आलो की सॅक उघडायच्या आधी तंबू दोरीवर जातो, पंख्याखाली पूर्ण रात्र, आणि मग सुती उशीच्या खोळीत सैल भरून ठेवतो.

उंची सहा फुटांच्या वर असेल, किंवा तुमचे बहुतेक मुक्काम गडमाथ्यावरच्या कातळावर असतील, तर दीड किलोचा स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा तंबू घ्या, वरचे तीनशे ग्रॅम सोसा. गडांमधल्या वाड्यावस्त्यांतून, शेतांतून चार-पाच दिवस चालणारे असाल तर हाच घ्या. मी येत्या नोव्हेंबरात रतनवाडीहूनच पुन्हा निघतोय. पहिल्या रात्रीसाठी पाण्यापासून दूर, आंब्याखालची जागा मागच्या खेपेलाच बघून ठेवली आहे.