धावायचं कुठे? सोसायटीसाठी फायर अलार्म निवडताना

ठाण्याच्या नौपाड्यातली एका विंगची सात मजली इमारत आणि घोडबंदर रोडवरचा तीन विंगांचा टॉवर यांना एकच कोटेशन लागू पडत नाही. रात्री दोन वाजता हूटर वाजला की वॉचमनला अलार्मच्या पॅनेलकडे बघून कुठल्या मजल्यावर धावायचं हे कळायला हवं. कन्व्हेन्शनल आणि अॅड्रेसेबल या अलार्मच्या दोन प्रकारांतला खरा फरक तिथेच आहे.

कन्व्हेन्शनलमध्ये इमारतीचे झोन पाडतात, बहुधा मजल्याला एक. पॅनेलवर झोनचा लाल दिवा लागतो. त्या झोनमधल्या कुठल्या डिटेक्टरने इशारा दिला, ते वर जाऊनच शोधायचं. सात मजल्यांच्या इमारतीत, मजल्यावर चार फ्लॅट असतील तर एवढं पुरतं. प्रत्येक झोनची वायर मात्र वेगळी खाली येते, त्यामुळे मजले वाढतात तसा डक्टमधला वायरचा गुंता वाढतो.

अॅड्रेसेबलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला आणि एमसीपीला, म्हणजे काच दाबून अलार्म द्यायच्या लाल डबीला, स्वतःचा नंबर असतो. वायरची एकच लूप सगळीकडे फिरून परत पॅनेलला येते, म्हणून एका जागी वायर तुटली तरी दोन्ही बाजूंनी काम चालू राहतं. शॉर्ट झाल्यास मात्र तेवढा भाग वेगळा पाडणारे आयसोलेटर लागतात. प्रत्येक मजल्याला एक तरी मागाच. शिवाय बरीच पॅनेल धुळीने भरत चाललेला डिटेक्टर आधीच दाखवतात. पण नावं भरली नसतील तर स्क्रीनवर नुसतं ‘डिव्हाइस ३७’ येतं आणि जास्तीचे पैसे वाया जातात. ‘सी विंग, ११ वा मजला, लॉबी’ असं भरून घ्या आणि नंबरांचा मराठी तक्ता पॅनेलशेजारी लावा.

कन्व्हेन्शनलमधली फसवणूक वेगळी. लाइनच्या टोकाला, शेवटच्या डिटेक्टरपाशी, एक छोटा रेझिस्टर बसतो. त्यातून जाणाऱ्या करंटवर पॅनेल लक्ष ठेवतं. वायर तुटली की करंट थांबतो आणि फॉल्ट येतो. घाईतला वायरमन तोच रेझिस्टर पॅनेलमध्ये लावतो. मग वर वायर तुटलेली असली तरी खाली सगळं हिरवं! तपासणी सोपी: सगळ्यात लांबचा डिटेक्टर बेसमधून फिरवून काढा. फॉल्ट आला नाही तर बिल थांबवा.

दोन्हींत जागेप्रमाणे डिटेक्टर बदलतो. लॉबीत ऑप्टिकल स्मोक डिटेक्टर. स्वयंपाकघरात आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये हीट डिटेक्टर, नाहीतर फोडणी आणि सायलेन्सरचा धूर रोज हूटर वाजवतील. दोन-चार खोट्या अलार्मनंतर कोणीतरी हूटर बंद करून ठेवतो, आणि ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. रंगकाम किंवा फरशी कापण्याआधी डिटेक्टरला झाकण घाला, काम झालं की काढा. खाडीलगतच्या दमट, खारट हवेत बेसचे टर्मिनल गंजतात. पावसाळ्यानंतर ते उघडून बघणं एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, लिहून घ्या. पॅनेलच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्याही तीन-चार वर्षांत उतरतात. मेन बंद करून हूटर वाजवा, म्हणजे कळेल.

कायदा दोन्हींना सारखाच. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा नीट चालू असल्याचं प्रमाणपत्र, घेऊन अग्निशमन दलाला द्यावा लागतो.

आमचं मत: एक विंग, कमी मजले असतील तर कन्व्हेन्शनल. दोन-तीन विंगा, पोडियम, बेसमेंट असेल तर अॅड्रेसेबलच. फक्त अॅड्रेसेबलमध्ये एका कंपनीचा डिटेक्टर दुसरीच्या पॅनेलवर बहुधा चालत नाही, म्हणून प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड आणि बॅकअप हॅंडओव्हरलाच कमिटीच्या ताब्यात घ्या.

फ्लॅटमधला बॅटरीवरचा अलार्म ही वेगळी गोष्ट. तो घरच्यांना उठवतो, वॉचमनला नाही. बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये छतावर लावा, देवघराच्या धुपापासून लांब. महिन्यातून एकदा बटण दाबा, आणि दहा वर्षांनी पूर्ण युनिट बदला.